तरव्यात राखलेल्या चार मुठी

उंदरांवर पीएचडी करते म्हटलं की आमच्या वेल्ह्याकडचे लोक हसतात, आधी कणगीतले उंदीर मार म्हणतात. मी तेव्हा उंदराच्या एका रिसेप्टरच्या मागे होते. पेशीच्या अंगावर बसून बाहेरचा निरोप आत पोचवणारं प्रथिन म्हणजे रिसेप्टर. त्याचं जनुक डीएनएच्या एका कड्यात बसवायचं आणि ते कडं जिवाणूंमध्ये वाढवायचं, एवढ्यातच माझं वर्ष गेलं होतं. सरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, या सोमवारपर्यंत जमलं नाही तर हे काम दुसऱ्या मुलीला.

नेमकी त्याच आठवड्यात आमच्या खाचरातली भातलावणी आली. लावणी इर्जिकीने, म्हणजे आधी आम्ही सगळ्यांच्या शेतात राबायचं, मग सगळे आमच्या. घरचंच माणूस आलं नाही तर आईला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून मी घाई केली. जनुकाची दोन टोकं दोन वेगळ्या एन्झाइमांनी कापायची सोडून एकानेच कापली. अशाने जनुक उलटंही बसू शकतं, हे मला तोंडपाठ होतं. तरी प्लेटवर उगवलेल्या जिवाणूंच्या डझनभर ठिपक्यांतला एकच उचलला, तपासायला पाठवला, आणि गावी निघताना घर आवरावं तसं टेबल आवरून प्लेट टाकून दिली.

लावणीच्या दिवशी दुपारी बांधावर मोबाईलला रेंज आली आणि अहवाल उघडला. जनुक पूर्ण होतं, एकही चूक नव्हती, आणि ते उलटं बसलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सरांना फोन केला. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. प्लेट असेलच, दुसरे ठिपके तपासून घेऊ, एखाद्यात सुलट बसलं असेल, म्हणाले. टाकली, मी म्हटलं. मग म्हणाले, तुझ्या नोंदी त्या मुलीला पाठवून दे.

आईला कसंबसं समजावून सांगितलं. चिखलाचे हात कमरेवर ठेवून तिने ऐकून घेतलं.

"समदंच टाकून दिलंस व्हय?" ती म्हणाली. "एखादं रोप मेलं तर तितं लावाया आपण चार मुठी मागं ठिवतोच की."

रोपांच्या वाफ्याच्या, आमच्या तरव्याच्या, कोपऱ्यात त्या चार मुठी उभ्या होत्या. सकाळी मीच त्या कुणाला उपटू दिल्या नव्हत्या.