पोपाचा सरंजाम आणि पुंडलिक मेस्तांचा हात

चांदीच्या कारखान्यात केर फेकत नाहीत. झाडून एका डब्यात साठवतात, वर्षातून एकदा झारेकरी येतो, तो केर धुतो आणि त्यातून चांदी काढून देतो. किश्शांचंही तसंच आहे. रोजच्या रोज काही वाटत नाही, पण बावीस वर्षं एकाच ठिकाणी बसलात की डबा भरतो. मी पार्सेचा. म्हापशाला बस बदलून डिचोलीला पुंडलिक मेस्तांच्या कारखान्यात जायचो. आम्ही तिघंच. मेस्त, मी आणि गडहिंग्लजचा बाजीराव, जो पॉलिश करायचा. देवळांच्या पालख्या, प्रभावळी, समया, आणि चर्चची चांदीसुद्धा.

आधी मेस्तांच्या हाताचं सांगतो, कारण सगळे किस्से त्या हाताभोवतीच फिरतात. पूर्वी सोन्याचा मुलामा पाऱ्यावर द्यायचे. सोनं पाऱ्यात कालवायचं, चांदीला फासायचं आणि भट्टीवर धरायचं. पारा उडून जातो, सोनं राहतं. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद! उडून जातो म्हणजे नक्की कुठे जातो, हे आमच्यात कुणी कधी विचारलं नाही. तो मेस्तांच्या अंगात जात होता. मुलामा बंद करून प्लेटिंग सुरू झालं तोवर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरनं सांगितलं, हा आता थांबायचा नाही. मेस्तांनी मला एवढंच सांगितलं की शेवटचं एक मोठं काम स्वतःच्या हातानं पुरं करायचं आणि मग अवजारं ठेवायची. ते काम कुठलं, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ते काम घेऊन आले पाद्रीबाब. वय पंच्याऐंशीच्या आसपास. तरुणपणी रोमला शिकायला होते, तिथे त्यांनी पोपाचे जुने सोहळे डोळ्यांनी पाहिले होते. आता त्यातलं काहीच वापरात नाही, म्हणून निदान नमुने तरी करून चर्चच्या एका खोलीत मांडायचे, अशी त्यांची इच्छा. फोटोंचा एक जाडजूड आल्बम उघडून ते तासभर समजावत होते. पोपाला खुर्चीत बसवून खांद्यावरून नेत, दोन्ही बाजूंना पिसांचे उंच पंखे, वर छत्र, डोक्यावर तीन मजली मुकुट. मेस्तांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पालखी, मोरचेल आनी अब्दागीर," ते म्हणाले. "आमच्या देवाचोच सरंजाम. फरक इतकोच, पालखेत आमचो देव बसता आनी तुमचो मनीस."

पाद्रीबाब इतके हसले की त्यांना ठसका लागला. काम आम्हाला मिळालं. मेस्तांनी हात पूर्ण वेळ खिशात ठेवला होता.

खुर्ची आधी झाली. आमच्याकडे नियम होता, पालखी अंगणात माणूस बसवून एक फेरी मारल्याशिवाय बाहेर जायची नाही. दांडा कुठे करकरतो ते रिकाम्या पालखीत कळत नाही. खुर्चीलाही तोच नियम. शेजारच्या गॅरेजातली आठ माणसं बोलावली आणि आमच्यातला सगळ्यात जड ऐवज म्हणून बाजीरावला वर बसवला. पॉलिशनं काळंठिक्कर पडलेलं बनियन, तोंडात तंबाखू, आणि बूड लाल मखमलीवर. तुळशीला फेरी घालून खाली ठेवला तर हा उतरेना. गंभीर होऊन बसलेला. कसं वाटलं म्हणून विचारलं.

"आमच्यात खांद्यावर एकदाच घेत्यात," तो म्हणाला, "आन् तवा वरनं काय बी बघाय मिळत न्हाई."

गॅरेजवाले चहा न घेताच गेले.

पुढचा घोळ माझा. पोपाचे हात धुवायला एक झारी आणि खाली धरायला तबक हवं होतं. मी जन्मभर अभिषेकाची पात्रं केलेली. हात आपोआप चालतो. तबक झालं, आणि मी सवयीनं त्याला एका बाजूनं गोमुख डाख देऊन जोडून टाकलं. सुंदर झालं होतं, गाईचे डोळेसुद्धा कोरले होते! पाद्रीबाब बघायला आले, तबक मांडीवर घेतलं आणि झारीनं पाणी ओतून पाहिलं. सगळं पाणी गाईच्या तोंडातून त्यांच्या पांढऱ्या झग्यावर. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. मेस्तांनी मात्र अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं की आमच्याकडे तीर्थ वाया घालवत नाहीत, खाली कुणीतरी भांडं धरायला हवं होतं, चूक पाद्रीबाबांची आहे. त्या दिवशी मेस्त पोट धरून हसले. तसे हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही, म्हणून ती चूक केल्याचं मला अजून बरं वाटतं.

मुकुटाच्या वेळी मात्र हसू आलं नाही. तीन पट्ट्या, प्रत्येकीवर द्राक्षाची वेल कोरायची. मेस्त दोन आठवडे वाकून बसले होते. तिसऱ्या पट्टीवर कलम घसरत होतं, वेल चालता चालता अडखळायची. ते दुपारी जेवायला घरी गेले की मी बसायचो आणि वाकड्या रेघा घासून सरळ करायचो. आपण फार मोठं पुण्य करतोय असं मला वाटत होतं. चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी मेस्तांनी पट्टी उजेडात धरली, भिंगातून पाहिली आणि मला समोर बसायला सांगितलं.

"दत्ता, ही रेघ म्हजी न्हय. म्हजी वाकडी आसली, ती खंय गेली?"

त्यांनी आवाज चढवला नाही. पट्टी भट्टीत टाकून वितळवली आणि नवा पत्रा कापायला घेतला. ती वेल शेवटी वाकडीच गेली पाद्रीबाबांकडे. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि जुन्या वेली अशाच असतात म्हणाले. ते खोटं होतं, त्यांना, मेस्तांना आणि मला, तिघांनाही ठाऊक होतं.

मग नळी. पूर्वी पोप प्याल्यातला द्राक्षारस सोन्याच्या नळीनं घेत असे, एक थेंबही सांडू नये म्हणून. हे पाद्रीबाब सांगत होते तेव्हा मेस्त आल्बमवर वाकले. फोटो पुन्हा पुन्हा मागून पाहिला. दोन दिवसांत नळी तयार, जोड कुठे आहे ते शोधून सापडणार नाही अशी.

मेस्तांनी आमच्याबरोबर चहा घेणं सोडून वर्ष झालं होतं. आम्हाला पित्ताचं कारण सांगितलेलं. नळी झाल्यावर आठवड्यानं त्यांनी चहा मागवला, थंड होऊ दिला, आणि खिशातून तशीच एक चांदीची नळी काढून पेल्यात घातली. पेला टेबलावरच. एक थेंब सांडला नाही. मी आणि बाजीराव भिंतीकडे तोंड करून काम करत राहिलो. माझं काम काही मला दिसत नव्हतं.

नेमके त्याच वेळी पाद्रीबाब दारात. नळीकडे पाहून त्यांनी विचारलं, ही दुसरी कुणाची?

"टेस्टिंग चालू आसा," मेस्त म्हणाले.

पाद्रीबाब बसले, इकडचं तिकडचं बोलले. जाताना सहज म्हणाले की घाई नाही, उरलेलं काम दत्ताकडून झालं तरी चालेल. ते गेल्यावर मेस्त भडकले. मी त्यांना एवढं भडकलेलं कधी पाहिलं नव्हतं. कीव करायची तर सगळा सरंजाम परत न्या म्हणाले. उरलेल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही, अशी मला आणि बाजीरावला तंबी दिली.

उरली होती एकच वस्तू, चांदीची छोटी हातोडी. पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, पोपानं डोळे मिटले की या हातोडीनं कपाळावर हळूच टकटक करतात आणि आईबापांनी ठेवलेल्या नावानं तीनदा हाक मारतात. ओ आली नाही की पोप गेला. असं लोक सांगतात, आपण पाहिलेलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मेस्तांनी ती करायला तीन आठवडे घेतले. दांडी गोल होईना. जेवायलाही घरी जात नव्हते, डबा मागवायचे. मी पाहायला गेलो तर पाठ फिरवून बसायचे.

शुक्रवार होता. मी म्हापशाच्या बाजारातून पॉलिशची पावडर घेऊन दुपारी परतलो. बाजीराव बाहेर नळावर हात धूत होता. आत मेस्त भिंतीला टेकून बसलेले, डोळे अर्धे मिटलेले, जेवल्यावर डुलकी लागावी तसे. डबा उघडलेला नव्हता. हातोडी पुरी झाली होती. दांडी अशी गोल की दृष्ट लागावी. ती त्यांच्या उजव्या हातात होती, हात गुडघ्यावर होता, आणि हात हलत नव्हता. मी वाकून पाहिलं. बोटाचं टोकसुद्धा हलत नव्हतं. पारा, डॉक्टर, सगळ्यांना खोटं पाडलं होतं मेस्तांनी. मला इतका आनंद झाला की पावडरची पिशवी तिथंच टाकून मी दाराकडे धावलो.

"बाजीराव, बेगीन यो! मेस्तांचो हात थांबलो!"