पिशवीच्या बाजूला

माझी आत्या मोटार चालवायला शिकवते. शिकवणारीच्या बाजूलाही एक ब्रेक असलेली तिची ती बुटकी पांढरी गाडी अर्ध्या गावाने कुठे ना कुठे घासली आहे. आत्याचा उजवा पाय कायम त्या ब्रेकवर. सवय इतकी मुरलेली, की घरी कुणाच्या हातून पेला निसटला तरी टेबलाखाली तिचा पाय जमीन दाबतो.

"सगळ्यांना एकच साचा लाव गं," असं सांगून सांगून ड्रायव्हिंग स्कूलचे मालक थकले. आत्याला ते जमत नाही. निवृत्त शिंपीकाकांना तिने क्लच समजावला तो शिलाई मशीनच्या पायट्यावरून. गाणं शिकवणाऱ्या बाईंना गिअर कधी बदलायचा ते इंजिनाचा आवाज ऐकून ठरवायला लावलं. सिस्टरांपुढे मात्र तिने हात टेकले होते.

सिस्टर म्हणजे इस्पितळातल्या नर्स. गाडी मऊ हाताने चालवायच्या, पण 'डावीकडे' म्हटलं की हमखास उजवीकडे वळायच्या. दोन्ही परीक्षांत याच एका गोष्टीवर नापास.

"मग इंजेक्शन देताना काय करता हो?" आत्याने एकदा न राहवून विचारलं.

"हाताला हात लावून विचारते, हाच ना म्हणून. बोट लावलं की चुकत नाही, ताई. नुसता शब्द ऐकला की डोक्यात दोन्हीकडचे दिवे एकदम लागतात."

आत्याने त्यांच्या डाव्या मनगटाला लाल दोरा बांधला. झालं, प्रत्येक वळणाला सिस्टर दोरा बघायला मान खाली घालू लागल्या. दोरा सापडायचा, रस्ता हरवायचा.

आता तिसरी परीक्षा तोंडावर आली होती. घरोघरी जाऊन रुग्ण बघण्याचं दिवसाचं काम सिस्टरांना मिळत होतं, पण लायसन्स दाखवलं तरच. नाहीतर पुन्हा रात्रपाळी, आणि मुलगी पुन्हा शेजारणीकडे झोपायला. "ती आता स्वतःच उशी उचलून निघते," सिस्टर म्हणाल्या, आणि आरसा नीट असतानाही नीट करत बसल्या.

त्याच दिवशी अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला. "माझ्याकडे घ्या, माझ्याकडे!" आत्या ओरडली. सिस्टरांनी क्षणही न दवडता गाडी अलगद तिच्या बाजूला घेतली. आत्याने ब्रेक दाबलासुद्धा नाही. ती बघतच राहिली.

तेव्हापासून गाडीत डावं-उजवं बंद झालं. 'माझ्या बाजूला' आणि 'तुमच्या बाजूला'. एक वळण चुकेल तर शपथ.

परीक्षेच्या दिवशी मीही सोबत गेले. परीक्षक गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ होते. आत्याने त्यांना गाठलं.

"साहेब, सूचना तेवढ्या माझ्या-तुमच्या बाजूला अशा द्याल?"

"बाई, मी गाडी चालवण्याची परीक्षा घेतो. लाड करत नाही."

"गाडीचीच घ्या की. सिग्नल, आरसा, वळण, सगळं कडक तपासा. शब्दांची मात्र नको."

त्यांनी एकदा सिस्टरांकडे बघितलं. मग, "बरं," म्हणाले. आत्याने सुस्कारा सोडला. पण साहेबांचा गुडघा दुखत होता. पाय लांब करता यावा म्हणून ते सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले. सिस्टरांचा चेहरा पडला. 'माझी बाजू' आता पाठीमागे गेली होती, आणि परीक्षेत आत्याला गाडीत बसता येत नव्हतं.

आत्याने खांद्यावरची तिची ती ढब्बू पिशवी काढली, पुढच्या रिकाम्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टाही लावला.

"ही मी. साहेब, 'पिशवीच्या बाजूला' म्हणा."

साहेबांनी डोळे मिटले, उघडले, आणि मान हलवली.

गाडी गेली. आम्ही कट्ट्यावर बसलो. गाडी कोपऱ्यावर दिसेनाशी झाली तरी आत्याचा पाय फरशी दाबतच होता.

"आत्या, तिथे ब्रेक नाहीये."

"तू गप गं."

बऱ्याच वेळाने गाडी परत आली आणि रेषेच्या आत नीट थांबली. साहेब पाय सांभाळत उतरले.

"पास. पण तुमची ती पिशवी रस्ताभर वाजत होती."

फोन पिशवीतच राहिला होता. निकाल कळेना म्हणून माझे बाबा सारखे बहिणीला फोन लावत होते.

"आणि ह्यांनी एकदाही तिकडे बघितलं नाही," साहेब म्हणाले. इतका वेळ धरून ठेवलेलं हसू आता त्यांना आवरेना.

सिस्टर स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसल्या होत्या. रडत असाव्यात असं वाटलं, जवळ गेले तर शेजारणीला फोनवर सांगत होत्या, "उशी कायमची घरी पाठवून द्या."

परत जाताना त्यांनीच गाडी चालवली. आत्या पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग तिने चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि त्या सीटवर चक्क मांडी घालून खिडकीबाहेर बघू लागली.