पसंतीच्या साड्या

घरबसल्या खरेदीचा शोध मोबाइलनं लावला, असं माझी मुलं समजतात. मी तो प्रयोग नव्वदच्या दशकात कराडात करून बसलोय. त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

धाकट्या भावाचं सांगलीत जमलं होतं. साखरपुड्यात मुलीला साडी आमच्याकडून जायची, आणि ती आणायची जबाबदारी थोरला म्हणून माझ्यावर. तसं त्यात अवघड काहीच नव्हतं. आमच्या पेठेतल्या कापडवाल्या शेठची रीत होती. घरात कार्य निघालं की तो पाच-सहा साड्या फडक्यात बांधून द्यायचा आणि म्हणायचा, पसंतीला न्या. बायकांनी त्या उजेडात बघायच्या, खांद्यावर टाकायच्या, एकमेकींशी दोन दिवस वाद घालायचे, मग एक ठेवून बाकीच्या परत करायच्या. आमच्या घरात खरेदी म्हणजे हेच. माझ्या साखरपुड्यात बायकोला दिलेली साडीही अशीच ठरली होती.

पण मला सुधारायचं होतं. ऑफिसात कुणाकडे तरी मुंबईच्या एका कंपनीचं रंगीत पुस्तक आलं होतं. फोटो बघायचा, नंबर लिहायचा, साडी टपालानं घरी. मी सहा नंबर लिहिले आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पसंतीला पाठवणे. एक ठेवून पाच परत करू.' एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ते पुस्तक मी शेठलाही दाखवून आलो. म्हटलं, बघा जग कुठं चाललंय. त्यानं ते चष्मा लावून शांतपणे चाळलं आणि परत दिलं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दुपारी पोस्टमन पार्सल घेऊन दारात आला. आई आणि बायको चटई अंथरून तयारच होत्या.

"आधी सहा साड्यांचे पैसे, मग पार्सल," पोस्टमन म्हणाला.

मी म्हटलं, "अहो, एकच घ्यायचीय. उघडून बघतो, पाच घेऊन जा."

"व्ही.पी. हाय साहेब. उघडायचं न्हाई. घ्यायचं तर सगळं, न्हाईतर सगळं परत."

आईला हे कळेचना. "आवं, पण बघितल्याबिगर माणूस घेईल कसं?"

"मुंबईची माणसं घेतात, आजी."

"त्यास्नी आया न्हाईत काय?"

सहा साड्यांचे पैसे म्हणजे माझा सबंध पगार होता. पार्सल जसं आलं तसं सायकलवरनं परत गेलं. चटई तशीच अंथरलेली, उद्या साखरपुडा, हातात साडी नाही, आणि त्या दोघी माझ्याकडे बघतायत. मी आयुष्यात इतका वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचलेलं नाही.

संध्याकाळी मान खाली घालून दुकानात गेलो. पोस्टमन माझ्या आधी तिथं चहा पिऊन गेला होता.

"या," शेठ म्हणाला. "आमच्याकडं फोटो न्हाईत बरं का. नुसत्या साड्याच हायत." मग न विचारताच त्यानं पाच साड्या काढून फडक्यात बांधल्या. "सोमवारी चार आणून द्या."

घरी आईला हिरवी आवडली, बायकोला डाळिंबी. रात्री जेवणं झाली तरी दोघी मागं हटेनात. शेवटी आई म्हणाली, मुलीला समोर बसवून ठरवू, चला घेऊन सगळ्या. म्हणून ते गाठोडं आमच्याबरोबर सांगलीला आलं.

तिथं पोचल्यावर मी गाठोडं कुठं ठेवावं? पेढे, नारळ, ओटीचं सामान ठेवलं होतं, त्याच्याच शेजारी. आणि सरबत प्यायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा मुलीच्या आत्याबाईंनी फडकं सोडून पाचही साड्या एका मोठ्या ताटात हौसेनं मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या पदराला हळदकुंकवाचं बोट टेकवलेलं होतं.

कुंकू लागलेली साडी दुकानात परत जात नाही. आमच्या भागात तसं कुणी करत नाही आणि कुठला दुकानदार घेत नाही. टपालाच्या सहांतून सुटलो होतो, आता आमच्या रीतीच्या पाचांत अडकलो. खुलासा करावा म्हणून तोंड उघडलं, तर भावानं माझा दंड धरला. "दादा, काय बोलू नकोस." तो पांढरा पडला होता. बरोबरच होतं. भर मांडवात नवऱ्याच्या भावानं चार साड्या ताटातनं उचलल्या, हे सांगलीत दोन पिढ्या सांगितलं गेलं असतं.

एवढ्यात मुलीचे वडील पुढं आले. त्यांचे डोळे भरले होते. आईला म्हणाले, "आवं वहिनी, पाच कशाला आणल्या? एवढं कोण करतं?"

आई आयुष्यात खोटं बोललेली मला माहीत नव्हती. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "आमच्यात पाचच देत्यात."

साखरपुडा झकास झाला. मुलगी डाळिंबी साडीत खरंच छान दिसत होती. भावाचा चेहरा बघून मला वाटलं, होऊ दे, पाच महिने हप्ते देऊ शेठला.

परतीच्या एस.टी.त बायको खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं दमली असेल. इस्लामपूर मागं पडलं. मग खिडकीकडचं तोंड न वळवताच तिनं विचारलं,

"माझ्या राहिलेल्या चार कधी देणार?"