हरण्या आणि निवडुंग

जनावरं शेतात शिरू नयेत म्हणून खर्ड्याच्या रंगनाथनं बांधावर फड्या निवडुंग स्वतःच्या हातानं लावला होता. बाहत्तरच्या दुष्काळात चारा संपला, तेव्हा तोच तोडून, जाळावर धरून, काटे जळाले की तो हरण्या बैलाला घालू लागला. बैल मिटक्या मारत खायचा.

एका सकाळी हरण्या दावं तोडून बांधावर गेला आणि त्यानं उभ्या निवडुंगातच तोंड घातलं. जीभ, नाकपुड्या काट्यांनी भरल्या.

चिमट्यानं काटे उपटता उपटता रंगनाथ करवादला, "आरं, जलमभर ह्या काट्यांना भिऊन लांब ऱ्हायलास, आन आताच आक्कल गहाण ठिवली व्हय?"

बैलाची शिंगं धरून बसलेली त्याची बायको चांगुणा म्हणाली, "त्याला कशाला बोलता? भिऊ नगं म्हणून तुमीच शिकवलं न्हवं?"

रंगनाथचा हात थांबला. शिवी निवडुंगाला द्यावी, तर तो राखणीलाच उभा होता. बैलाला द्यावी, तर त्यानं धन्याचंच ऐकलं होतं. कुणावर चिडावं तेच त्याला उमगेना. गोंधळून त्यानं पुन्हा चिमटा उचलला, तर हरण्यानं रक्ताळलेलं तोंड आपणहून त्याच्या मांडीवर टेकवलं.