मामांचा कोंडा आणि देवळापुढची गाय

अख्ख्या मुलुंडात ज्याला बघून गायसुद्धा तोंड फिरवायची असा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. गाईचं काही चुकत नव्हतं. देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडे घराघरातून पीठ चाळून उरलेला कोंडा जायचा, आणि घरोघर रंगीत टीव्ही यायला लागले त्या सुमारास मामांनी तो वाटेतच अडवायला सुरुवात केली. आंघोळ आटोपली की पत्र्याचा डबा घेऊन ते इमारतीतली दारं वाजवत. "वहिनी, कोंडा?" बस्स, एवढंच, पण असं हक्कानं की एका नव्या बिऱ्हाडानं त्यांना तबेलेवाले समजून दुधाचा भाव विचारला. मामा रागावले नाहीत. दुधापेक्षा शेवग्याचा पाला खा, असं सांगून कोंडा घेऊन पुढच्या दारात गेले. गाईवाली बाई मात्र भर रस्त्यात म्हणाली, "काका, माझ्या गाईच्या पोटावर पाय देताय तुम्ही."

पोट हा मामांचा जुना नाद. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारे म्हणून तेच समोर बसले होते. पगार विचारला नाही, खोली नाही, मूळ गाव नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "सकाळी पोट साफ होतं ना?" माझ्या आईच्या हातातली पोह्यांची बशी कलंडली. मी मान डोलावली, आणि मामांनी आत तोंड करून मुलगा चांगला असल्याचं जाहीर केलं. आमच्या संसाराचा पाया हा असा घातला गेला. पुढे वाचनालयातल्या कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की आतड्यांत असंख्य जिवाणू वस्तीला असतात आणि कोंड्या-पाल्यातला चोथा हे त्यांचं अन्न. झालं! त्या दिवसापासून मामा त्यांना भाडेकरू म्हणायला लागले. मला म्हणायचे, "जावईबापू, हे पागडीचे भाडेकरू, निघायचे नाहीत. मग उपाशी ठेवून भांडण कशाला ओढवून घ्या?" लग्नाच्या पंगतीत मी जिलबी उचलली की ते माझ्या पोटाकडे असे काळजीनं बघायचे, की आत कुणाचं तरी पाणी तोडल्यासारखं मलाच वाटायचं.

हे सगळं थट्टेवारी गेलं असतं, पण मामींना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, खाणं सुधारा, साखर उतरली नाही तर रोज इंजेक्शन घ्यावं लागेल. आणि मामी सुईला अशा भ्यायच्या की पूर्वी देवीची लस टोचणारे आले तेव्हा शेजारणीच्या मोरीत कडी लावून बसल्या होत्या. टोचणारे दुसऱ्या गल्लीत गेले तरी बाहेर यायला तयार नव्हत्या. मामा तिथेच डॉक्टरांपुढे बोलून बसले, "हिला सुई लागू देणार नाही मी."

घरी येऊन त्यांनी चाळण माळ्यावर टाकली आणि दुसऱ्याच दिवशी तो पत्र्याचा डबा उचलला. घरच्या पिठात इमारतीचा कोंडा मिसळायला लागला. ती पोळी फुगायची नाही, वळायची नाही, मोडताना मात्र आवाज करायची. मामांना स्वतःला काडीचा आजार नव्हता, आणि मऊसूत पुरणपोळीवर तर त्यांचा जीव. पण मामींच्या ताटात जे, तेच त्यांच्या ताटात. एका होळीला त्यांनी कोंड्याची पुरणपोळी करवली, गूळ नावापुरता. मी ती अजून चावतोय असं मला अधूनमधून वाटतं. मामा घासागणिक पाणी पीत "झकास, झकास" म्हणत होते, आणि मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

साखर खरंच उतरली. काही वर्षं मामा डॉक्टरांकडे छाती काढून जायचे. मग ती हळूहळू चढायला लागली. शेवटच्या खेपेला मीही बरोबर होतो. डॉक्टर समजुतीनं म्हणाले की तुमच्या कोंड्यानं इतकी वर्षं टळलं, पण आता सुईला पर्याय नाही. मामा घरी येऊन स्टुलावर चढले, चाळण काढली, सगळं पीठ चाळलं आणि कोंड्याचा डबा घेऊन देवळाकडे निघाले. मी मागोमाग गेलो. गाईनं सवयीप्रमाणे तोंड फिरवलं. मामा डबा पुढे धरून तसेच उभे राहिले.

"घे बाई," ते म्हणाले, "हरलो मी." मग गाईनं डब्यात तोंड घातलं.

टोचायला ते स्वतःच शिकले, मोसंब्यांवर. त्या दिवसांत त्यांच्या घरी कुणी मोसंबं खाल्लं नाही. पहिल्या दिवशी मी आणि ही मुद्दाम गेलो होतो. काचेची सिरिंज उकळून झाली, मामींनी डोळे मिटले, मामांनी तर त्यांच्याहून घट्ट मिटले, आणि मग बिचाऱ्यांना उघडावेच लागले. झाल्यावर मामी डोळे पुसत म्हणाल्या, अजिबात दुखलं नाही. त्या धडधडीत खोटं बोलत होत्या आणि ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

जेवायला पांढरीशुभ्र, मऊ पोळी होती. मामींनी एक घास खाल्ला आणि पोळी बाजूला सारली.

"अहो, ही कसली पोळी? कोंडा कुठाय?"

"आता कशाला कोंडा?" मामा ताटातच बघत म्हणाले.

"कशाला म्हणजे? माझे भाडेकरू उपाशी बसलेत."

मामा भरल्या ताटावरून उठले, डबा घेतला आणि भर दुपारी जिना उतरले. आम्ही घास हातात धरून बसलो. खालच्या मजल्यावरून कडी वाजल्याचा आवाज आला आणि मग मामांचा, "वहिनी, कोंडा?" आज दोघंही नाहीत. मला त्यांची आठवण येते ती या हाकेनंच, आणि ती ऐकत दाराकडे बघत बसलेल्या मामींच्या चेहऱ्यानं.