वळचणीची कुदळ

कासोंडेच्या आईला घाई म्हणून कधी ठाऊकच नव्हती. मुसेंगा गावातल्या बायका थट्टेनं म्हणायच्या, हिनं कासोंडेलासुद्धा दहाव्या महिन्यात जन्म दिला, तोही सुईण कंटाळून घरी गेल्यावर. तिनं चुलीवर घेवडा चढवला की नवरा शेजारच्या गावी जायचा, दारू प्यायचा, भांडायचा, भांडण मिटवून परत यायचा, तरी घेवडा रटरटतच असायचा. तो वारला तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे थट्टेच्या नात्यातला, म्हणजे मयतालाही हसायची मुभा असलेला, एक जण मयताच्या घरी म्हणाला, की बिचारा जेवणाची वाट बघता बघताच गेला. रडणाऱ्या बायका पदरात तोंड खुपसून हसल्या, आणि त्यांत ही पहिली.

पण गावाचा चिकांडा टिकला होता तो याच बाईच्या सबुरीवर.

चिकांडाचे कंद गावाखालच्या पाणथळ माळावर गवतात यायचे. वाळवून उखळात कांडायचे, शेंगदाण्याचं कूट आणि मिरची घालून हात दुखेस्तोवर घोटायचे, झाकणावर निखारे ठेवायचे. निवल्यावर सुरीनं वड्या पाडायच्या, तोच चिकांडा. पावसात रोपाला फूल येतं तेव्हा ते आंधळ्यालाही सापडावं. पण तेव्हा हात लावायचा नाही. दांडा वाळू द्यायचा, बोंडं फुटून धुळीसारखं बी उडू द्यायचं, उरलंसुरलं खड्ड्यावर झटकायचं, मोठा कंद घ्यायचा आणि करंगळीएवढा परत पुरायचा. ती वेळ कधी आली हे कासोंडेची आई ठरवी. तिची कुदळ वळचणीत खोचलेली असे. ती खाली आली की गाव माळावर जाई, तोवर कुणी नाही. तिच्या आईची कुदळही तशीच असायची.

एकदा गावातल्याच मुबांगा नावाच्या बाईनं चोरून आधी खणलं होतं. लेकीच्या लग्नाआधी जावयाकडे मेजवानीची पातेली गेली. जावयाच्या मामानं ऐटीत सुरी चालवली, तर चिकांडा पेजेसारखा ओघळून त्याच्या नव्या पँटवर. कोवळ्या कंदाला चिकटाच नसतो. तेव्हापासून मुबांगा दिसली की पोरं मांड्या झटकायची. त्या लाजेनं पुढं बरीच वर्षं कुणी घाई केली नाही.

मग एका वर्षी, पाऊस सरता सरता, कासोंडेची आई नदीपलीकडच्या माळावर सहज डोकावली. तिथं माळ उरला नव्हता. खड्ड्याला खड्डा लागून होता, उघडेच, आत गढूळ पाणी साचलेलं. उपटलेले दांडे फुलांसकट काठावर सडत होते. एकही खड्डा कुणी बुजवला नव्हता. ती वाकून करंगळीएवढा एखादा कंद शोधू लागली. तेवढाही ठेवला नव्हता. पाखरू बोलत नव्हतं. घरी येईपर्यंत तिनं चार वेळा मागं वळून पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी लॉरीवाली न्गोझा आली. ही शहरातली बाई, चिकांडाचे कंद विकत घ्यायला दरसाल यायची. बोलणं गोड, तराजूवर हात जड. तिनं अंगणात बसून भाजलेलं कणीस खाल्लं आणि जाता जाता सांगितलं, की पलीकडचा माळ ज्यांनी खाल्ला त्या बायका आता इकडं येताहेत, चार दिवसांत की पाच, एवढंच काय ते.

गावात कुजबुज सुरू झाली. पण बोललं कुणी नाही. जो तो येता-जाता वळचणीकडं बघायचा. पाण्याला जाताना, पाणी आणताना, बकरी शोधण्याच्या निमित्तानं. कासोंडेच्या आईला जेवतानासुद्धा पाठीवर डोळे जाणवायचे.

शेवटी तिची लेक म्वेवा बोलली. "आई, बोंडं फुटायची वाट बघ तू. फुटतील तेव्हा खाली खड्डे असतील."

"दांडा हिरवा आहे गं अजून."

"त्यांना हिरवं-पिवळं कळत नाही. त्यांना गोणी कळते."

म्हातारीनं वळचणीकडं पाहिलं. तिच्या मनात एवढंच होतं, की सगळं जाण्याआधी पाटीभर कंद आणून परसात लावावेत, बियाण्यापुरते. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं हात वर केला आणि कुदळ काढली. माळाची उतरण निम्मी झाली तेव्हा मागून पाचोळा वाजला. वळून पाहते तो अख्खं गाव उभं: बायका, पोरं, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या खांद्यावर कुदळ आणि काखेत गोणी.

"परत जा," ती म्हणाली. "मी नुसती बघायला निघालेय."

"मग कुदळ कशाला घेतलीस, आत्याबाई?" मुबांगानं विचारलं. अगदी हळू, आदरानं.

आयुष्यभर जिनं थांबवून धरलं, तिच्या दोन्ही बाजूंनी गाव माळावर उतरलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माळ संपला. फुलांचे ढीग काठावर पडले. तिनं लावलेले पाटीभर कंद परसात कुजले. त्यांना माळाचीच माती लागते. न्गोझानं गोण्या भरून नेल्या. त्या वर्षी घरोघरी चिकांडा चमच्यानं खाल्ला, आणि मुबांगाला कुणी हसलं नाही.

आणि त्या पलीकडच्या बायका? त्या आल्याच नाहीत. चार दिवसांत नाहीत, महिन्यात नाहीत, कधीच नाहीत.

पुढच्या पावसात माळावर नुसतं गवत आलं. कुदळ वळचणीत होती, पण तिच्याकडं कुणी पाहत नव्हतं. न्गोझाची लॉरी आली आणि गावातल्या तरण्या बायका तीत बसून सरहद्दीपलीकडं गेल्या, टांझानियातल्या उंच माळांवर. म्वेवाही गेली.

ती परतली तेव्हा आईनं तिच्यापुढं मक्याच्या पिठाची घट्ट उब्वाली आणि घेवड्याचं कालवण ठेवलं. लेक जेवत होती. आई तिच्या नखांतली काळी माती बघत होती.

"दांडा वाळला होता?"

"हिरवा होता."

"आणि तिथली माणसं?"

म्वेवानं घास तोडला, पण तोंडात घातला नाही. "न्गोझा आदल्या दिवशी त्यांना सांगून आली होती, की परक्या बायका येताहेत म्हणून. आम्ही पोचलो तर निम्मा माळ त्यांनीच उकरला होता." मग खाली बघत ती म्हणाली, "एक म्हातारी होती. तुझ्याच वयाची. कुदळ हातात धरून नुसती काठावर उभी होती."

कासोंडेची आई उठली, वळचणीपाशी गेली. कुदळीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. ते तिनं तसंच राहू दिलं.