सहावी तार पितळी नव्हती

"मोठ्या काकांनी बाबांच्या इलेक्ट्रिक गिटारला तंबोऱ्याची पितळी तार बसवली. ऐन कार्यक्रमात ती मुकी राहिली, बाबांची ऑर्केस्ट्रातली जागा गेली, आणि त्या दिवसानंतर बाबांनी गिटारला हात लावला नाही."

माझ्या धाकट्या भावाच्या वर्षश्राद्धाला, बडोद्याच्या नागरवाड्यातल्या त्याच्या घरी, जेवणे आटोपून सुपारी फिरत असताना पुतण्याने पाहुण्यांना हे ऐकवले. मी समोरच बसलो होतो. या कथनातला शेवट खरा आहे. पितळी तारेची गोष्ट अर्धी खरी आहे. कार्यक्रमातली गोष्ट साफ खोटी आहे, आणि ते खोटे प्रथम कोणी सांगितले हे पुतण्याला ठाऊक नाही. मला आहे.

आमचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. वडिलांनी तलवारीऐवजी कानस धरली आणि दांडिया बाजारात तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे दुकान घातले. पुढे ते मी चालवले. भावाला त्यात रस नव्हता. तो दिवसा एका रसायनांच्या कारखान्यात भांडार सांभाळी आणि संध्याकाळी लग्नांतून वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवी. परदेशी वस्तू दुकानांत राजरोस दिसू लागल्या त्या वर्षांत ऑर्केस्ट्राच्या मालकाने एक जपानी कीबोर्ड घेतला. आधी व्हायोलिनवाला घरी बसला, मग ॲकॉर्डियनवाला. त्यानंतर एका दुपारी भाऊ गिटार घेऊन दुकानात आला.

"दादा, हिला खाली उतरवायची आहे. पाच पट्ट्या."

"मग खुंट्या सैल कर. माझ्याकडे कशाला आलास?"

"सैल केल्या की तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबतात. मला मंद्र हवा. त्या यंत्राच्या मंद्राला अंग नाही. तिथे मी उभा राहिलो तर मला कोणी हलवू शकणार नाही."

"ही फळी आहे रे. हिला पोट नाही, भोपळा नाही. मंद्र येणार कुठून?"

"फळी तर फळी. पण ही गेली तर मी नुसता स्टोअरकीपर उरतो."

हे तो हसत म्हणाला. त्याच्या हसण्यावर मी विश्वास ठेवला नाही, म्हणून काम हाती घेतले.

माझ्या कामाविषयी परीक्षक बरेच आहेत, जाणकार थोडे. तेव्हा नीट सांगतो. बडोद्यात त्या वेळी तेवढा जाड संच मिळत नव्हता. मी प्रत्येक तार एक घर सरकवली : सहावी पाचवीच्या जागी, पाचवी चौथीच्या, अशा पाच जागा भरल्या आणि सर्वांत बारीक तार काढून टाकली. मानेच्या टोकाशी हाडाची पट्टी असते, तिच्या खाचा कानशीने रुंद केल्या, कारण जाड तार अरुंद खाचेत अडकते आणि सुराला टिकत नाही. सतारीचा पडदा बेसूर लागला तर आपण पडदा सरकवतो. गिटारचे पडदे ठोकलेले असतात, म्हणून घोडीच सरकवायची. सहाव्या तारेची घोडी मागे नेता नेता जागा संपली, तेव्हा तिच्यामागची स्प्रिंग कापून टाकली. नवीन तार हवी होती ती फक्त सहावी, आणि तिथे मी तंबोऱ्याची पितळी खरज, म्हणजे त्याची सर्वांत जाड तार, चढवली.

ही माझी चूक. ती मी कोणापासून लपवलेली नाही. आम्ही तंतुवाद्यवाले लाकडाला कान लावून तार पारखतो. मी त्या फळीला कान लावला, तार छेडली, आणि ती सुरेख बोलली. दुकानात स्पीकर नव्हता. दोन दिवसांनी भावाच्या घरी वायर जोडली तेव्हा पाच तारा गरजल्या आणि सहावी गप्प. गिटारच्या तारांखाली चुंबक असतात. ते लोखंडाची थरथर ओळखतात, पितळेची ओळखत नाहीत. हे मला त्या दिवशी कळले.

"दादा, तुझी खरज मौनव्रतात गेली," भाऊ म्हणाला. त्याची बायको दारात उभी होती. तिच्यादेखत मी म्हणालो, "चुकलो. तीन दिवस दे."

त्या तीन दिवसांत मी सहावी तार हाताने केली. पोलादी तारेचे एक टोक आकड्याला अडकवले, दुसरे टोक हातड्रिलमध्ये धरले, आणि फिरत्या तारेवर लोखंडाची बारीक तार फेऱ्याला फेरा भिडवून गुंडाळली. दोन तुटल्या, तिसरी जमली. ती चढवून स्पीकरवर वाजवली तेव्हा भावजय शाळेत शिकवायला गेली होती, म्हणून तिने ती ऐकली नाही. भावाने ऐकली. कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपावरचे झाकण थरथरले, आणि तो पुन्हा पुन्हा तीच तार वाजवत राहिला.

कार्यक्रम शहराबाहेरच्या एका पार्टी प्लॉटमध्ये, म्हणजे लग्नांसाठी भाड्याने मिळणाऱ्या मैदानावर, संध्याकाळी होता. मी मुद्दाम गेलो आणि माईकवाल्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो. पहिल्या गाण्यात ती तार वाजली. मी ती कानांनी ऐकली आणि छातीतही ऐकली. दुसऱ्या कडव्याला कीबोर्डवाल्या पोराच्या डाव्या हाताने तोच मंद्र धरला. मालकाने मागे वळूनही पाहिले नाही. फक्त तळवा उचलून भावाच्या दिशेने खाली दाबला. भावाने करंगळीने गिटारवरचे आवाजाचे बटन शून्यावर फिरवले.

त्यापुढे संपूर्ण कार्यक्रमभर त्याचे दोन्ही हात बिनचूक चालत होते आणि आवाज नव्हता. मांडवात कोणाच्या लक्षात आले नाही.

जेवणाच्या पंगतीत मी मालकाला गाठले. माणूस वाईट नव्हता. माझ्या पानात स्वतः बासुंदी वाढत तो म्हणाला, "मोटाभाई, एनो वांक नथी. पण हवे बधुं बटनमां छे." त्याचा दोष नाही, आता सगळे बटनातच आहे. मी बासुंदी तशीच ठेवून उठलो.

भावाबरोबर त्याच्या घरी पोहोचलो. भावजयीने विचारले, "कसं झालं?" मी उंबऱ्याशी चपला काढत होतो. भाऊ माझ्याकडे पाहत म्हणाला, "काय होणार? दादाची पितळी तार. ऐन वेळी बोललीच नाही."

"पुन्हा तेच, भाऊजी?" ती मला म्हणाली.

मी चपला पुन्हा पायांत घातल्या आणि निघून आलो.

याला कोणी मोठेपणा म्हणू नये. मला संताप आला होता, आणि संतापात मी बोलत नाही, ही माझी जुनी खोड आहे. पुढे समजले ते असे : तार वाजली नाही, हे त्याला सोसण्यासारखे होते. तार वाजली आणि ती कोणालाच नको होती, हे नव्हते. तेव्हा त्याने मला पुढे केले. थोरल्या भावाला पुढे करणे आमच्या घरात लहानपणापासून चालत आले होते. पण तोवर बाजारात बोभाटा झाला होता. जुनी गिऱ्हाइके सतार ठेवताना म्हणत, "पितळ लावू नका हं." मी हसत नसे. एक दिवस भाऊ आपण होऊन खरे सांगेल, म्हणून मी वाट पाहिली. शेवटच्या आजारपणात मी रोज त्याच्या खाटेशी बसलो. तो दुकानाची चौकशी करी, पावसाची करी. ते कधी बोलला नाही.

आणि आता त्याचा मुलगा तेच पाहुण्यांना वाढत होता. मी विचारले, "त्यानंतर तार बदलली होती का कोणी?"

"काका, आताच सांगितलं ना? हात लावला नाही कोणी. माळ्यावरून खालीसुद्धा आली नाही."

"मग आज आण."

त्याने गिटार आणली, धूळ झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवली. भावजय समोर बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी गिटार परत दिली. ज्या माणसाचे श्राद्ध जेवून उठलो, त्याला त्याच्याच घरात खोटे पाडणे मला जमले नाही. ते मी इथे लिहून करतो आहे, आणि त्याचे समाधान मला होत नाही, हेही नोंदवतो.

पण जे पाहिले ते पाहिले. पितळ काळवंडते, त्यावर हिरवट कळा येते; पितळ गंजत नाही. त्या गिटारची सहावी तार खुंटीपासून घोडीपर्यंत तांबड्या गंजाने खाल्लेली आहे.